वाचकांचे प्रश्न : किल्ली कोणाच्या खिशात?

परदेशी तंत्रज्ञान-पुरवठादारांवर कंपन्यांनी किती विसंबावे, या विषयावर या वेळच्या टपालात बरीच पत्रे आली. त्यांतील चार येथे घेतली आहेत. जागेअभावी ती थोडक्यात दिली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली आहेत.

प्रश्न : मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना होता. भाडे परवडेना म्हणून तो तळोज्याला हलवला. आमच्याकडील सर्वांत महागडे यंत्र म्हणजे जपानी बनावटीचे पाच अक्षांचे सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने पाच प्रकारे हालचाल करून धातू कापणारे यंत्र. क्रेनवाल्यांनी ते व्यवस्थित उचलले, नव्या जागी बसवले, पातळी साधली, वीज जोडली. पण पडद्यावर एक सूचना आली आणि स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरता दांडा, काही फिरेना. मशीन जागेवरून हलल्याचे त्याने स्वतःच टिपले होते आणि कंपनीकडून सांकेतिक क्रमांक आल्याशिवाय ते सुरू होणार नव्हते. कागदपत्रे पाठवणे आणि इंजिनिअर येणे यांत अकरा दिवस गेले. स्वतःच्या पैशाने घेतलेले मशीन हलवायला दुसऱ्याची परवानगी कशाला? पुढचे मशीन भारतीयच घ्यायचे, असा माझ्या धाकट्या भावाचा आग्रह आहे.
— एक कारखानदार, तळोजा

उत्तर : आपला संताप समजण्यासारखा आहे, परंतु हे कुलूप आपल्याला अडवण्यासाठी घातलेले नाही. त्यामागे चाळीस वर्षांपूर्वीचे एक प्रकरण आहे. १९८० च्या दशकात तोशिबा मशीन या जपानी कंपनीने सोव्हिएत संघाला अनेक अक्षांची मिलिंग यंत्रे नियम डावलून विकली. पाणबुड्यांचे पंखे अधिक अचूक घडवून त्यांचा आवाज कमी करण्यासाठी त्या यंत्रांचा उपयोग झाल्याचा आरोप झाला. १९८७ मध्ये हे बाहेर आले, तेव्हा अमेरिकेत मोठा गदारोळ उठला आणि जपानने आपले निर्यात-नियम कडक केले. उच्च अचूकतेची पाच अक्षांची यंत्रे शस्त्रनिर्मितीलाही उपयोगी पडतात, म्हणून आजही ती निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत. अशा यंत्रांच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या, अनेक देशांच्या वासेनार व्यवस्थेचा भारत स्वतः डिसेंबर २०१७ पासून सदस्य आहे. यंत्र ज्याला विकले त्याच्याकडेच आहे, परस्पर तिसऱ्या देशात गेलेले नाही, याची खात्री देता यावी म्हणून अनेक जपानी उत्पादक त्यात हलवाहलव टिपणारे साधन बसवतात. त्याला मरोळहून तळोजा आणि मरोळहून तेहरान यांतला फरक कळत नाही.

मशीन हलवण्यापूर्वी कळवावे, अशी अट खरेदीच्या कागदपत्रांत साधारणपणे असते. ती आपल्या फाइलमध्ये आहे का, हे एकदा पाहावे. असल्यास हे अकरा दिवस टाळता आले असते आणि तेवढा दोष आपल्याही पदरात पडतो. नसल्यास, विक्रेत्याने ही गोष्ट तोंडी तरी सांगायला हवी होती.

आता आपल्या भावाच्या आग्रहाविषयी. बेंगळुरू आणि राजकोट येथे उत्तम सीएनसी मशिने बनतात. त्यांपैकी एखाद्याचे मागचे विजेचे कपाट उघडायला लावून आत पाहावे. बहुतेकदा आत जपानी फानुक किंवा जर्मन सीमेन्स कंपनीचा कंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, दिसेल. मशीनची हालचाल अचूक ठेवणारे बॉल स्क्रू आणि लिनिअर गाइड हे भागही बऱ्याचदा जपान किंवा तैवानहून आलेले असतात. म्हणजे भारतीय मशीन घेतल्याने परावलंबन संपत नाही, ते एक थर आत सरकते. उलटही घडते. एका जर्मन कंपनीची बोगदा खोदणारी यंत्रे चीनमधील कारखान्यात बनतात आणि चीन ती भारताला मिळू देत नाही, अशी तक्रार केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन मंत्र्यांकडे जाहीरपणे केली होती. बिलावरचा देश एक आणि अडवणारा देश दुसरा, असा हा प्रकार आहे.

तरीही आपल्या भावाचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. भारतीय उत्पादकाचा इंजिनिअर पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आपल्या दारात उभा राहू शकतो. सुटा भाग त्याच्या गोदामात असतो, आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाला तळोजा कुठे आहे हे सांगावे लागत नाही. शिवाय साध्या तीन अक्षांच्या मशीनला असे कुलूप सहसा नसते. म्हणून देशाचा विचार नंतर करून आधी गेल्या वर्षभराची जॉब कार्डे, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदी, काढाव्यात आणि त्यांतील किती कामांना पाच अक्ष खरोखरच लागले, ते मोजावे. शंभरातील पंधरा कामांनाच लागले असतील, तर दुसरे मशीन तीन अक्षांचे, भारतीय बनावटीचे घ्यावे, म्हणजे एक अडले तरी कारखाना पूर्ण थांबणार नाही. सत्तर कामांना लागले असतील, तर मात्र जपानी यंत्राला पर्याय शोधण्यात वेळ न घालवता करारातील सेवेच्या मुदती घट्ट बांधून घ्याव्यात.

आणखी एक, वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट. रबाळ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मी पाहिले की मशीनची सगळी पॅरामीटर, म्हणजे त्याच्या मांडणीचे आकडे, ऑपरेटरने शाळकरी वहीत हाताने उतरवून ठेवली होती. वहीला खाकी कव्हर आणि आत प्रत्येक पानावर तारीख. कंट्रोलरच्या आतील बॅटरी एकदा संपली, तेव्हा सगळी स्मृती पुसली गेली होती आणि मूळ आकडे मिळवण्यासाठी परदेशी ई-मेल पाठवत बसावे लागले होते. तेव्हापासून तेथे दरवर्षी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की, मशीन चालू ठेवूनच, ती बॅटरी बदलतात आणि पॅरामीटरची प्रत कार्डावर उतरवून घेतात. सल्लागारांच्या चाळीस पानी अहवालांपेक्षा ही वही मला अधिक मोलाची वाटली.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. जुलै २०२५ मधील नायरा एनर्जीचे प्रकरण सभेत निघाले आणि आमच्यात दोन तट पडले. काही जण म्हणतात, परदेशी क्लाउड, म्हणजे परदेशी कंपनीचे भाड्याचे सर्व्हर, ताबडतोब सोडा. आमचे आयटी व्यवस्थापक म्हणतात, आपला सर्व डेटा मुंबईतल्याच केंद्रात आहे, काळजीचे कारण नाही. कोणाचे खरे मानावे?
— एक संचालक, ठाणे

उत्तर : दोघांचेही अर्धेच खरे आहे. त्यातही व्यवस्थापकांचे अर्धे अधिक धोक्याचे आहे, कारण ते ऐकून झोप लागते.

प्रथम नायराचे प्रकरण नेमके काय होते ते पाहू. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा आहे. युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी रशियाविरुद्धच्या निर्बंधांच्या नव्या संचात नायराचे नाव घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या आणि कर्मचाऱ्यांचे ई-मेल बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाल्या. मधल्या काळात ई-मेलसाठी तिने मुंबईच्याच रेडिफचा आधार घेतल्याच्या बातम्या होत्या. पुरवठादार अमेरिकी, आदेश युरोपचा, ग्राहक भारतात, आणि परवान्यांचे पैसे भरलेले! अमेरिकेने किंवा भारताने नायरावर कोणतेही निर्बंध घातले नव्हते. पुरवठादाराच्या वकिलांनी धोका न पत्करण्याचे ठरवले, एवढे कारण पुरले. परदेशी पुरवठादाराची खरी वेगळी जोखीम हीच आहे. त्याचे आपल्याशी काही भांडण नसते, आपली थकबाकीही नसते, तरी तिसऱ्याच्या आदेशाने त्याचे हात बांधले जाऊ शकतात.

आता 'डेटा मुंबईतच आहे' या उत्तराकडे येऊ. पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच ठेवावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला आणि तो न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. ती जवळपास वर्षभर टिकली. म्हणजे नियम कडक आहे आणि आपले व्यवस्थापक तो पाळत आहेत, हे चांगलेच आहे. परंतु गोदाम भिवंडीत असले म्हणून त्याची किल्लीही भिवंडीतच असते असे नाही. अमेरिकी कंपनीच्या ताब्यातील डेटा जगात कुठेही असला तरी तो सादर करण्याचा आदेश त्या देशातील यंत्रणा कायदेशीर प्रक्रियेने देऊ शकते. मार्च २०१८ च्या तेथील क्लाउड ॲक्ट या कायद्याने तशी तरतूदच केली आहे. शिवाय खाते चालू ठेवणे, परवाना तपासणे, लॉग-इनची ओळख पटवणे ही कामे कोठून चालतात, हा प्रश्न डेटाच्या जागेपेक्षा वेगळा आहे, आणि संचालक मंडळाच्या सभेत तो बहुधा कोणी विचारत नाही.

'परदेशी सोडा' म्हणणाऱ्या संचालकांना मात्र ३१ जुलै २०२४ हा दिवस आठवून द्यावा. लहान बँकांना संगणकप्रणाली पुरवणारी सी-एज टेक्नॉलॉजीज ही टीसीएस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी, म्हणजे शंभर टक्के आपली. तिला रॅन्समवेअरच्या, म्हणजे खंडणीसाठी संगणक अडवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हल्ल्याचा फटका बसला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि देशभरातील सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. त्यांत सहकारी बँका होत्याच. त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या खातेदाराला पुरवठादार देशी आहे या गोष्टीचा काहीच उपयोग नव्हता. एकाच खांबावर तीनशे छपरे टेकलेली होती, हे त्या दिवसाचे खरे दुखणे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये आयटी सेवा बाहेरून घेण्यासंबंधी जे निर्देश काढले, त्यांत बाहेर पडण्याची योजना आणि एकाच पुरवठादारावर भार एकवटण्याची जोखीम हे दोन्ही मुद्दे आहेत. पहिल्या दोन श्रेणींतील नागरी बँकांना त्यांतून वगळले असले, तरी आपली बँक लहान असल्यास 'आम्हाला लागू नाही' म्हणून ते बाजूला ठेवू नयेत. मात्र या योजनांचे प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो. एका वित्तसंस्थेत मला ती योजना दाखवण्यात आली. दोन पाने होती आणि दुसऱ्या पानावर पुरवठादाराच्याच अधिकाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक होते. मी विनंती केली की शनिवारी व्यवहार संपल्यावर बॅकअपमधून एका शाखेची खाती उघडून दाखवावीत. साडेचारला सुरुवात झाली. बॅकअप होता, ताजा होता, अखंडही होता. पण तो उघडणारे सॉफ्टवेअर आधी आपला परवाना तपासत होते आणि परवाना तपासणारा सर्व्हर पुरवठादाराचा होता. आम्ही 'पुरवठादार नाही' असे गृहीत धरून त्याची जोडणी तोडली होती, त्यामुळे पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिले. चहाचे दोन फेरे झाले. सातच्या सुमारास व्यवस्थापकांनी स्वतःच जोडणी पुन्हा लावली आणि खाती क्षणात उघडली. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही.

म्हणून आपल्या सभेत देशी-परदेशी हा वाद बाजूला ठेवून प्रत्येक सेवेपुढे एकच आकडा लिहायला सांगावा : ती आज बंद पडली तर आपण किती वेळ तग धरू? कोअर बँकिंगसाठी, म्हणजे खात्यांच्या मुख्य यंत्रणेसाठी, तो तासांत येईल, ई-मेलसाठी एक-दोन दिवसांत आणि पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरसाठी कदाचित महिन्यात. पैसे त्या क्रमाने खर्च करावेत. सर्वच सेवांना दुहेरी पुरवठादार ठेवणे आपल्या आकाराच्या बँकेला झेपणार नाही आणि तसा सल्ला देणाऱ्याचे बिल आधी पाहावे. ज्या सेवांचा आकडा तासांत आहे, त्यांच्याबाबत मात्र डेटा दुसऱ्या कोणालाही वाचता येईल अशा स्वरूपात, पुरवठादाराच्या परवान्याशिवाय उघडणारा, आपल्या ताब्यात दररोज येतो का, हे पाहावे. आणि तो शनिवारचा प्रयोग वर्षातून दोनदा, अंतर्गत लेखापरीक्षकांच्या समोर करावा.

प्रश्न : आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी भारतातून गेली तेव्हा मी मुंबईत एका कंपनीच्या संगणक विभागात कार्ड पंचिंगच्या कामावर होतो. त्या वेळीही 'आता सगळे ठप्प होणार' अशी हाकाटी होती. आमचा एकही पगार चुकला नाही. आजची भीतीही तशीच फुगवलेली नाही का?
— एक निवृत्त कर्मचारी, मुलुंड

उत्तर : आपला अनुभव मोलाचा आहे, आणि तो नेमका का तसा आला हे पाहिले की आजचा फरक ध्यानात येतो. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतीय उपकंपनीतील आपला हिस्सा चाळीस टक्क्यांपर्यंत आणणे भाग पडले. आयबीएमला ते मान्य नव्हते, म्हणून १९७८ मध्ये तिने काम आवरले. परंतु हे सारे वाटाघाटी करून, सर्वांना दिसेल असे झाले. सरकारने १९७५ मध्येच स्थापन केलेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे सीएमसीने, त्या यंत्रांची देखभाल हाती घेतली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्रे येथेच राहिली. कंपनी गेली तरी आपल्या विभागातील यंत्र जागचे हलले नव्हते, कार्डांचे गठ्ठे कपाटात होते आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते उघडू शकणारी माणसे मुंबईत होती.

आज कंपन्या जे विकत घेतात, त्यातले पुष्कळसे विकत घेतलेले नसतेच, ते वर्गणीवर असते. पुरवठादार गेला तर मागे काही उरत नाही. आणि तो जाण्याचीही गरज नसते, अटी बदलल्या तरी पुरे. ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही, एका सर्व्हरवर अनेक सर्व्हरांचे काम चालवणारे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सर्व ग्राहकांना वर्गणीकडे वळवले. ज्यांचे शेकडो सर्व्हर त्या सॉफ्टवेअरवर उभे होते, त्यांना नव्या दरांवर सही करणे किंवा सगळा डोलारा दुसरीकडे हलवणे, एवढेच दोन मार्ग उरले. यात कोठेही निर्बंध, युद्ध किंवा राजकारण नाही. शिवाय हे दर मुळात डॉलरमध्ये ठरतात. २०१५ मध्ये डॉलर साधारण ६४ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. म्हणजे पुरवठादाराने दर तसाच ठेवला असता तरी येथील बिल तब्बल चाळीस टक्के वाढले असते. माझ्या मते मुंबईतील सर्वसाधारण कंपनीला नायरासारखा झटका बसण्याची शक्यता कमी आहे, आणि नूतनीकरणाच्या वेळी मान मुरगळली जाण्याची शक्यता मात्र फार मोठी आहे.

नकारातून स्वावलंबन जन्मते, हे आपल्या पिढीने पाहिले आहे. अमेरिकेने महासंगणक देण्यात खळखळ केली, १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. परंतु त्याला तीन वर्षे आणि सरकारची तिजोरी लागली. ज्या कंपनीला सात तारखेला पगार करायचे आहेत, तिला तो मार्ग उपलब्ध नसतो.

प्रश्न : आमचे चौदा जणांचे सनदी लेखापालांचे कार्यालय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला ई-मेल झोहो या भारतीय कंपनीकडे नेल्यापासून भागीदारांत चर्चा सुरू आहे. आम्हीही परदेशी ई-मेल सोडावा का? आमच्या डोमेनची, म्हणजे ई-मेल पत्त्यातील @ नंतरच्या नावाची, मुदत मार्चमध्ये संपते आहे, तेव्हाच बदल करावा असा विचार आहे.
— एक सनदी लेखापाल, दादर

उत्तर : झोहो सक्षम आहे, किंमत आणि सोय पाहून खुशाल जावे, न गेलात तरी आकाश कोसळणार नाही. आपल्या आकाराच्या कार्यालयाला ई-मेल कोणाकडे आहे यापेक्षा डोमेन कोणाच्या नावावर आहे, हे अधिक जपावे लागते. डोमेन आपल्या हातात असेल तर ई-मेलचा पुरवठादार एका शनिवार-रविवारी बदलता येतो. ते हातात नसेल तर देशी पुरवठादारही आपल्याला वाचवू शकणार नाही. अनेक कार्यालयांत ते कधीकाळी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खासगी ई-मेलवर नोंदवलेले आढळते आणि तो मुलगा एव्हाना पुण्याला किंवा दुबईला नोकरीला गेलेला असतो. नोंदणीच्या खात्यात आज स्वतः लॉग-इन करून पाहावे, नाव आणि दूरध्वनी भागीदारांचे आहेत याची खात्री करावी, आणि जुने सर्व ई-मेल स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. मार्चची वाट मात्र पाहू नये, मार्चमध्ये आपल्या कार्यालयात याकडे बघायला कोणाला वेळ असणार आहे?